बांध, कारंजं आणि माझं ठाम मत

सरकारने पैसा कुठे खर्च करावा, हे आमच्या अख्ख्या बोरभाट गावात एकाच माणसाला नीट कळतं. तो माणूस रोज संध्याकाळी माझ्या घराच्या बल्कांवात, म्हणजे दाराबाहेरच्या ओसरीत, पाय पसरून बसलेला असतो. तो माणूस म्हणजे मी, कायतान रेबेलो! माझी बायको पिएदाद म्हणते, त्याला तिथून उठवून मासळी आणायला पाठवलं तर घराचं जास्त भलं होईल. पण तिच्या मताला मी फारशी किंमत देत नाही. निदान ती घरात नसताना तरी देत नाही.

तीस वर्षं मी बोटीवर स्टोअरकीपर होतो. बोटीवर नियम म्हणजे नियम! जेवणाची घंटा झाली की जेवण. उशिरा आलेला कप्तान असला तरी त्याला सूप गारच मिळायचं. असा माणूस रिटायर होऊन गावात येतो आणि बघतो तर काय? रस्त्यावर म्हैस, फुटपाथवर स्कूटर आणि स्कूटरवर बसून पंचायतीचा एक पंच पेपर वाचतोय!

मी म्हटलं, "बाबा, फुटपाथ माणसांसाठी असतो."

तो म्हणाला, "मग मी तुम्हाला कोण दिसतो?"

यावर माझं जे मत होतं ते मी दिलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

तर यंदा झालं काय, पंचायतीला कुठूनसा घसघशीत निधी मिळाला. आता निधी आला की आमच्या पंचायतीला मुंग्या येतात. खर्च कधी करू असं होऊन जातं. सरपंच सुलक्षाबाईंनी जाहीर केलं की बाजाराच्या तिंट्यावर, म्हणजे भर चौकात, कारंजं बांधायचं. साधंसुधं नाही, रंगीत दिव्यांचं, गाण्याच्या तालावर नाचणारं!

आणि तिकडे आमच्या वाड्याखालचा, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीखालचा, बांध दोन ठिकाणी पाझरत होता. या बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला आमची खाजनातली, खाडी अडवून केलेली शेतं आणि विहिरी. बांध गेला की खारं पाणी थेट माणसांच्या चुलीपर्यंत. आणि सगळ्यात आधी जाणार ती एर्मेलिनची विहीर, कारण ती बांधाला अगदी खेटून.

एर्मेलिन आमची शेजारीण. नवरा गेल्यापासून त्या विहिरीच्या जिवावर ती मिरच्या आणि तांबडी भाजी पिकवते आणि दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात नेऊन विकते. दुसरं उत्पन्न नाही. विहीर खारी झाली की बाईचं सगळंच बसलं!

एक दिवस ती बल्कांवाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. "कायतान, पाण्याला चव यायला लागली रे."

"कसली?"

"मिठाची. हल्ली कालवणात मीठ घालायचं विसरले तरी कुणाला कळत नाही."

मी ताडकन उठलो. "तू अजिबात घोर लावून घेऊ नकोस! या ग्रामसभेत मी स्वतः बोलणार. कारंजं रद्द, बांध मंजूर!"

ती जरा घुटमळली. मग हळूच म्हणाली, "दुसरं कोणी नाही का रे बोलणारं?"

बाईमाणसाचं बोलणं! मी मनावर घेतलं नाही.

आता आमची ग्रामसभा कशी चालते तेवढं सांगतो. रविवारी चर्चमधली मिस संपल्यावर, दहा वाजता, सेक्रेटरी शेटकर पंचायतीच्या दारात पितळी घंटा वाजवतो. लोक येतात, हजेरीला सही ठोकतात आणि समोरच्या विनायकच्या हॉटेलात पातळ भाजी खायला जातात. कारण कोरम कधीच भरत नाही. मग नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब होते. अर्ध्या तासाने दुसरी घंटा होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून जेवढी टाळकी असतील तेवढ्यांत खरी सभा सुरू होते. माझ्या आजोबांच्या काळापासून हे असंच चालू असावं. पहिली घंटा सहीची, दुसरी घंटा सभेची आणि मधली वेळ भाजीची!

हे मला बघवत नव्हतं. मी सरळ पंचायतीत गेलो आणि चार कलमी अर्ज दिला. कोरम भरला तर सभा पहिल्या घंटेलाच सुरू करावी. सभा सुरू झाल्यावर दार बंद करावं, उशिरा येणाऱ्याला आत घेऊ नये. सगळ्यांचे मोबाईल बंद असावेत. आणि हात वर केल्याशिवाय कोणी तोंड उघडू नये!

सुलक्षाबाईंनी चष्मा लावून अर्ज वाचला. माझी भांडायची पूर्ण तयारी होती. पण बाई काय गोड हसल्या! "कायतानबाब, तुमच्यासारखी शिस्तीची माणसं गावात हवीत हो. चारी कलमं मंजूर!"

मी असा हुरळलो की येताना पिएदादसाठी तिच्या आवडीची मिठाई, दोदोल, घेऊन आलो.

पिएदादने दोदोल खाता खाता विचारलं, "सरपंचबाईने लगेच हो म्हटलं? मग तो अर्ज एकदा नीट वाचून बघ."

"काय वाचायचंय त्यात? मीच लिहिलाय!"

"म्हणून तर म्हणते."

तिच्याकडे दुर्लक्ष करून मी कामाला लागलो. कोरम भरायला हवा होता. रोज सकाळी स्कूटर काढायची आणि दारोदार फिरायचं. एका घराला एक तास! सरकारी पैसा म्हणजे काय, तो येतो कुठून, जातो कुठे, बोटीवर कांद्याच्या पोत्याचा हिशेब कसा ठेवतात, सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. लोक शेवटी हात जोडून म्हणायचे, "येतो कायतानबाब, नक्की येतो. आता निघा, जेवायचं राहिलंय." म्हातारा मिंगेल तर पाच मिनिटांतच कबूल झाला होता. तरी मी नियमाप्रमाणे त्यालाही तास दिला.

रविवार उजाडला. मिस संपली आणि अख्खा वाडा माझ्या मागे पंचायतीकडे निघाला! मी पुढे, इस्त्रीचा पांढरा शर्ट. मागे मिंगेल, त्याचे दोन्ही जावई, कोळणी, पाववाला पदेर, एर्मेलिन चर्चला जायच्या चांगल्या साडीत. घंटा झाली. सह्या झाल्या. शेटकरने सह्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि घाम पुसत म्हणाला, "बाई, कोरम भरला!"

ऐकलंत? भरला! पंचायतीच्या इतिहासात पहिल्यांदा! माझी छाती अशी काही फुगली की शर्टाचं एक बटण गेलं. ते टेबलाखाली घरंगळलं, म्हणून मी वाकून शोधायला लागलो. बटण मिळालं. ते खिशात टाकून मी ताठ उभा राहिलो आणि मागे वळून पाहिलं.

हॉल रिकामा!

माझी माणसं सह्या करून नेहमीसारखी भाजी खायला गेली होती!

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्रत्येक घरात मी तासभर बोललो होतो. कांद्याच्या पोत्याबद्दल बोललो, बोटीबद्दल बोललो. 'या वेळी सभा पहिल्या घंटेलाच आहे, बाहेर जाऊ नका,' हे एक वाक्य तेवढं कोणालाच सांगितलं नव्हतं.

"शेटकर, दार लावा," सुलक्षाबाई म्हणाल्या.

"थांबा!" मी ओरडलो. "माणसं बाहेर आहेत!"

"कायतानबाब," शेटकर कडी घालत म्हणाला, "हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही. तुमचंच कलम आहे."

आत मी, सरपंचबाई, सगळे पंच, आणि बाईंच्या घरची व सासरची मिळून सहा-सात माणसं. त्यांना म्हणे घरूनच न्याहारी करून यायला सांगितलं होतं! मी मोबाईल काढला तर फुटपाथवाल्या पंचाने बोट दाखवलं. "मोबाईल बंद!" त्या दिवसापासून तो पहिल्यांदाच माझ्याशी बोलला. मी खिडकीकडे धावलो. समोर विनायकच्या हॉटेलात माझं सैन्य पाव बुडवून बुडवून भाजी खात होतं. मी दोन्ही हात हलवले. मिंगेलने मला बघितलं आणि त्यानेही आनंदाने हात हलवला. वर पाव उंचावून दाखवला, हवाय का म्हणून!

"विषय पहिला," सुलक्षाबाईंनी वाचायला सुरुवात केली, "तिंट्यावर संगीत कारंजं उभारणे."

आता मात्र बोलायलाच हवं होतं. आणि बोलायचं तर नियमाने. मी माणूस नियमाचा! मी उजवा हात असा सरळ वर केला, अगदी कानाला लागून.

नेमक्या त्याच क्षणी बाई म्हणाल्या, "अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

सगळे हात वर. माझा त्यांच्यात सगळ्यात उंच!

"अरे, मी विरोधात आहे! मी बोलायला हात—"

"बोलायची परवानगी दिलेली नाही अजून," शेटकर म्हणाला. मी तोंड मिटलं. हात मात्र वरच ठेवला. परवानगी हवी तर हात खाली कसा घेणार?

"सूचक म्हणून उपसरपंच," बाई म्हणाल्या. "अनुमोदन कोण देतंय? वा, कायतानबाबांचा हात अजून वरच आहे! लिहा शेटकर. ठराव एकमताने मंजूर!"

चहाचा कप निवायलाही जास्त वेळ लागतो हो!

दार उघडलं तेव्हा पायरीवर एर्मेलिन उभी. हातात कागदात गुंडाळलेला गोड बन आणि द्रोणात भाजी. "तुझ्यासाठी आणलं," ती म्हणाली. "सकाळपासून तू काही खाल्लं नाहीस. आता तासभर बोलायचंय ना तुला? आमच्या बांधाचं?"

तिने माझ्याकडे बघितलं, बाहेर पडणाऱ्या सरपंचबाईंकडे बघितलं आणि बन माझ्या हातात ठेवून निघून गेली. तो बन मी खाल्ला. लाज वाटत होती तरी खाल्ला.

वाड्यात मग काय विचारता! ज्याला त्याला मीच दोषी. मिंगेल म्हणाला, "एक तास माझं डोकं खाल्लंस आणि घंटेचं सांगितलं नाहीस?" मी म्हटलं, "सभा सोडून भाजी खायला कोणी सांगितलं होतं?" तो म्हणाला, "रिवाज आहे तो!"

ठराव फिरवावा म्हणून मी पंचायतीत खेटे घातले. शेटकर म्हणाला, एकमताने झालेला ठराव वर्षभर पुन्हा चर्चेला घेता येत नाही. "आणि कायतानबाब, तुम्हीच असं नियमाविरुद्ध बोलायला लागलात तर आम्ही कोणाकडे बघायचं?"

कारंजं मात्र वाऱ्याच्या वेगाने उभं राहिलं! बांधाला खडा टाकायला पैसा नव्हता, पण कारंज्यासाठी हिरव्या टाइल्स आल्या, दोन सिमेंटचे हंस आले. गोड्या पाण्याची नळाची स्वतंत्र लाईन आली. हीच लाईन आमच्या वाड्यासाठी बारा वर्षं 'विचाराधीन' होती. कारंज्याच्या कठड्यावर संगमरवरी पाटी लागली. तिच्यावर सोनेरी अक्षरांत सूचकाचं नाव आणि त्याखाली 'अनुमोदक : श्री. कायतान रेबेलो'. अक्षर सुबक होतं, ते मान्य करायला हवं.

वर आणखी सत्कार! सुलक्षाबाईंनी मला शाल घातली आणि कारंजे संरक्षण समितीचा अध्यक्ष करून टाकलं. गळ्यात शिटी आणि शेजारी बोर्ड: 'पाण्यास हात लावू नये. हुकुमावरून.'

पिएदाद म्हणाली, "शाल उबदार आहे. तुझ्या बुद्धीपेक्षा नक्कीच बरी."

आणि मग पुनवेची मोठी भरती आली. पहाटे वाड्यात आरडाओरडा झाला म्हणून धावत गेलो. बांधाला बैलगाडी जाईल एवढं भगदाड! खाडी सरळ आत घुसली होती. एर्मेलिनच्या मिरच्यांच्या वाफ्यात शेवटे मासे सुळसुळ पोहत होते.

एर्मेलिन गुडघाभर पाण्यात उभी होती. म्हणाली, "आजवर मासे बाजारातून आणले. आता घरपोच आले बघ." आणि हसली. मग विहिरीच्या काठावर बसली आणि पदर तोंडाशी धरून रडायला लागली. मी बाजूला उभा होतो. हजार मतांचा माणूस मी, पण त्या वेळी एकही सुचलं नाही.

पाणी उतरलं, पण विहीर खारट ती खारटच. वाड्यातल्या आणखी तीन विहिरी तशाच. प्यायला थेंब नाही. दुपारी तिंट्यावर मी अध्यक्ष म्हणून खुर्ची टाकून बसलो होतो, तर समोरून कळशा घेऊन बायकांची रांग आली. सगळ्यात पुढे एर्मेलिन.

"कायतान, बाजूला हो," ती म्हणाली.

मी बोर्डाकडे बघितलं. शिटी तोंडात घातली. वाड्यातल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्यात पिएदादही होती, दोन कळशा घेऊन! मी शिटी तोंडातून काढून खिशात टाकली आणि एर्मेलिनची कळशी धरली. आयुष्यात जाणूनबुजून मोडलेला माझा हा पहिला नियम!

पण नाचणाऱ्या कारंज्यात कळशी भरणं म्हणजे गंमत नाही महाराजा! धार इकडे आली म्हणून कळशी इकडे न्यावी तर गाणं फिरायचं आणि धार तिकडे पळायची. बायका कळशा घेऊन धारेमागे, धार गाण्यामागे! संथ कडवं आलं की दोन-चार कळशा भरायच्या, जलद कडवं आलं की सगळ्याजणी चिंब. मी हंसावर चढून एक धार हातांनी दाबून धरली, तर ती माझ्या बाहीतून शिरून कॉलरमधून बाहेर पडली.

"थांब, थांब, असाच उभा राहा!" पिएदाद ओरडली. "तुझ्या गळ्याखाली चांगली भरतेय!"

आणि तेवढ्यात पांढरी गाडी येऊन थांबली. सुलक्षाबाई उतरल्या आणि मागोमाग राजधानीहून आलेले खात्याचे मोठे साहेब. कारंज्याची पाहणी करायला आले होते!

मी हंसावरून खाली उतरलो. म्हटलं, आता अध्यक्षपद गेलं, शाल गेली, वर दंड. होऊ दे! साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो आणि हात वगैरे वर न करता सरळ बोललो. "साहेब, बांध फुटलाय. विहिरी खाऱ्या झाल्यात. या बाईच्या मिरच्या गेल्या. हा सगळा पैसा तिथे लावायला हवा होता."

साहेबांनी रांग बघितली, कळशा बघितल्या. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, जिंकलो!

"अप्रतिम!" साहेब म्हणाले. "आजवर इतकी कारंजी बांधली, पण इतका लोकसहभाग कुठे पाहिला नाही! शोभाही आणि पाणीपुरवठाही! बाई, यांच्या वाड्यालाही असंच एक कारंजं मंजूर करतो. थेट बांधापाशी!"

"साहेब, बांध..."

"बांध आमच्या खात्यात येत नाही," साहेब प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "कारंजं येतं."

गाडी निघून गेली. एर्मेलिनने कळशी डोक्यावर घेतली आणि वाड्याकडे चालू लागली. मी शिव्या ऐकायला तयार होतो, त्या आल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बल्कांवात बसलो, तर वाडा सामसूम. पिएदादही घरात नाही. चहा नाही, पाव नाही. शोधत शोधत छत्री घेऊन बांधावर गेलो, तर अख्खा वाडा तिथे चिखलात! मिंगेलचे जावई ओहोटी साधून खाडीतली माती खणत होते, कोळणी टोपल्या वाहत होत्या, भगदाडात माडाचे ओंडके रोवले होते. एर्मेलिन कासोटा मारून मधोमध उभी राहून एकेकाला कामाला लावत होती.

मला राहवेना. मी छत्री उघडली आणि सुरुवात केली. "अरे, हे काय चाललंय? हे सरकारचं काम आहे! आपण कर भरतो तो कशासाठी? नागरिकांनी परस्पर बांधाला हात लावणं नियमात बसत नाही. शिवाय ओंडके असे उभे नव्हे, तिरपे रोवायला हवेत, असं माझं ठाम मत..."

एर्मेलिन चिखल तुडवत माझ्यापर्यंत आली. माझ्या हातातली छत्री काढून घेऊन तिने मिटली आणि पिएदादकडे दिली. मग काठोकाठ भरलेली मातीची टोपली उचलून माझ्या डोक्यावर ठेवली.

"छान मत आहे," ती म्हणाली. "जाताना सोबत घेऊन जा. आणि येताना रिकामी टोपली आण."

संध्याकाळपर्यंत मी ओझी वाहिली. मान अजून वळत नाही. ओंडके मात्र शेवटी तिरपेच रोवले हो त्यांनी! पण हे मी कोणाला बोलून दाखवलेलं नाही, कारण टोपल्या अजून तिथेच आहेत.